जुनी अमेरिकन फुटबॉल कार्डं: सगळ्यांत गाजलेली कोणती आणि ती निवडायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत आल्यावर तीन-चार वर्षांनी मला या कार्डांचा नाद लागला. आता मराठी मंडळात कुणाच्या मुलाला कार्डं जमवायची असली, किंवा घर विकत घेतल्यावर पोटमाळ्यावर बुटांच्या खोक्यात जुनी कार्डं सापडली, की फोन मला येतो. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे फुटबॉल म्हणजे नेमकं कोणतं? आणि त्याची कार्डं कुठून आली?

लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचं ते अमेरिकन फुटबॉल. आपण शाळेत पायाने खेळायचो त्याला इथे सॉकर म्हणतात. कार्डं सुरुवातीला सिगारेट आणि तंबाखूच्या पाकिटातून यायची. जाड पुठ्ठ्यामुळे पाकीट चेपायचं नाही आणि गिऱ्हाईक पुढचं चित्र मिळवायला पुन्हा दुकानात यायचं. १९३०च्या दशकात तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली आणि कार्डं मोठ्यांच्या खिशातून मुलांच्या हातात आली. बबलगमच्या वेष्टनातून निघालेली क्रिकेटपटूंची चित्रं ज्यांनी जपली, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

२. 'व्हिंटेज' म्हणजे कुठपर्यंत?

बहुतेक संग्राहक १९८० पर्यंतची कार्डं व्हिंटेज धरतात आणि दुसऱ्या महायुद्धाआधीच्यांना वेगळं 'प्री-वॉर' म्हणतात. जो मॉन्टॅना या खेळाडूचं टॉप्स कंपनीने काढलेलं पहिलं कार्ड १९८१चं, म्हणजे काटेकोरपणे रेघेपलीकडचं. मी स्वतः ते आत घेते, कारण कागद, छपाई आणि पाकिटातला गम हे सगळं तेव्हाही जुन्याच पद्धतीचं होतं. खरा बदल झाला १९८९ मध्ये. त्या वर्षी स्कोअर आणि प्रो सेट या कंपन्या बाजारात आल्या आणि पुढची काही वर्षं कार्डांचा नुसता पूर आला. तुमच्या तळघरातली १९९०ची न उघडलेली पेटी त्या पुरातली आहे. ती मुलांना उघडू द्या, त्यांना मजा येईल.

३. सगळ्यांत महाग तेच सगळ्यांत गाजलेलं ना?

नाही, आणि हा फरक कळला की पुढची सगळी निवड सोपी होते.

बोमन कंपनीचा १९५२चा मोठ्या आकाराचा संच घ्या. त्यात १४४ कार्डं आहेत आणि शेवटचं कार्ड जिम लॅन्सफर्डचं. हा खेळाडू डॅलस टेक्सन्स नावाच्या एकाच हंगामात आटोपलेल्या संघातला, आज त्याचं नाव फक्त संग्राहकांना ठाऊक. तरी चांगल्या स्थितीतल्या त्या कार्डासाठी लोक भरपूर पैसे मोजतात. त्या वर्षी कार्डांचा आकार वाढवल्यामुळे ती छपाईच्या तावावर नीट बसेनात, म्हणून नऊने भाग जाणारे आणि त्यांच्या लगेच पुढचे क्रमांक कमी छापले गेले. १४४ला नऊने भाग जातो. त्यात ते गठ्ठ्याच्या शेवटी, म्हणजे रबरबँडचा वळ आणि खालच्या टेबलाची घासणी यांचा मारा त्यावरच. ते दुर्मीळ आहे, पण मी त्याला गाजलेलं म्हणणार नाही.

माझ्या मते कार्ड गाजतं ते तीन गोष्टी जुळल्यावर. खेळाडूमुळे खेळ बदललेला असावा. कार्डाचं चित्र असं असावं की नाव झाकलं तरी ओळखू यावं. आणि ते कार्ड त्या माणसाच्या आयुष्यातल्या योग्य क्षणी निघालेलं असावं. किंमत या तिन्हींच्या मागून येते, कधीकधी येतही नाही.

४. पहिलं फुटबॉल कार्ड कोणतं?

१८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुडविन या सिगारेट कंपनीने वेगवेगळ्या खेळांतल्या ५० विजेत्यांचा संच काढला. त्यात येल विद्यापीठाच्या हॅरी बीचरचं कार्ड होतं. तेच पहिलं मानतात.

निव्वळ फुटबॉलचा पहिला संच १८९४चा, व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या मेयो तंबाखू कंपनीचा. त्यात ३५ कार्डं, काळी किनार, आणि खेळाडू हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या तीनच विद्यापीठांचे. त्यातल्या एका कार्डावर नावच छापायचं राहिलं. चेहरा हार्वर्डच्या जॉन डनलॉपचा आहे हे पुढे ठरलं, पण संग्राहक आजही त्याला 'अनामिक' म्हणतात. मोजकीच उरली आहेत आणि तुमच्या-माझ्या आवाक्यात ती येणार नाहीत. त्याच संचातली नाव असलेली, कोपरे झिजलेली कार्डं मात्र अधूनमधून विक्रीला येतात, आणि तो कागद हातात घेण्याची गोष्टच वेगळी.

५. ब्रॉन्को नगर्स्कीच्या कार्डाचं एवढं कौतुक का?

१९३५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या नॅशनल चिकल कंपनीने ३६ कार्डांचा संच काढला. व्यावसायिक फुटबॉलला वाहिलेला हा पहिला मोठा संच. नगर्स्की शिकागो बेअर्सचा. अंगावर आलेल्या दोघा-तिघांना घेऊनच पुढे जायचा, आणि पुढे व्यावसायिक कुस्तीतही विजेता ठरला. त्याचं कार्ड ३४व्या क्रमांकाचं, आणि २५ ते ३६ हे क्रमांक आधीच्यांपेक्षा कमी सापडतात. हे फोटो नाहीत. ठसठशीत रंगांत रंगवलेली चित्रं आहेत, आपल्याकडच्या जुन्या सिनेपोस्टरसारखी. मागच्या बाजूला बोस्टन रेडस्किन्सचे प्रशिक्षक एडी केसी यांच्या नावाने खेळाचे धडे छापले आहेत. चेंडू कसा धरायचा, कसा अडवायचा, वगैरे. शाळकरी मुलांसाठी लिहिलेला तो मजकूर मला चित्राइतकाच आवडतो.

कंपनीच्या नावातलं 'चिकल' म्हणजे च्युइंगमसाठी वापरला जाणारा झाडाचा चीक. ते झाड म्हणजे आपलं चिकूचं झाड. घोलवडच्या वाडीत कच्चा चिकू तोडल्यावर बोटांना जो पांढरा चीक लागतो, तोच मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातून गोळा करून अमेरिकेत गम बनायचा, आणि त्याच्या सोबतीने नगर्स्की पाच वर्षं उशिरा का होईना, कार्डावर आला. 'उशिरा' का, ते पुढच्या प्रश्नात.

६. रूकी कार्ड म्हणजे खेळाडूच्या पहिल्या वर्षाचं कार्ड ना?

क्रिकेटमधल्या पदार्पणाशी त्याची गल्लत करू नका. रूकी कार्ड म्हणजे मोठ्या संचात आलेलं त्या खेळाडूचं पहिलं कार्ड, आणि फुटबॉलमध्ये ते बहुतेकदा उशिरा येतं. नगर्स्की १९३०ला संघात आला, कार्ड १९३५चं. सॅमी बॉ १९३७ला आला, कार्ड १९४८चं. अकरा वर्षं! जिम ब्राउन १९५७ला आला, कार्ड १९५८चं. नौदलातली सेवा संपवून रॉजर स्टॉबॅक १९६९ला आला, कार्ड १९७२चं. वॉल्टर पेटन १९७५, कार्ड १९७६. मॉन्टॅना १९७९, कार्ड १९८१.

जो नेमथ अपवाद. आला १९६५ला, कार्डही १९६५चं. त्याच्या कार्डाला जे वजन आहे त्यातला एक भाग या योगायोगाचा आहे. म्हणून विक्रेता 'रूकी' म्हणाला की वर्ष आणि क्रमांक दोन्ही विचारा. दुसऱ्या वर्षाचं कार्ड रूकी म्हणून गळ्यात मारल्याचे फोन मला दर वर्षी येतात.

७. सॅमी बॉची १९४८ची दोन कार्डं आहेत. बोमनचं घेऊ की लीफचं?

दोन्हींना रूकी मानतात. बॉ वॉशिंग्टनचा. चेंडू लांब फेकून खेळायची पद्धत त्याच्यामुळे रुळली, आणि १९४३च्या हंगामात तर पासिंग, पंटिंग (चेंडू लाथेने लांब उडवणं) आणि समोरच्या संघाचे पास अडवणं या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला होता. बोमनचा संच १०८ कार्डांचा, कृष्णधवल फोटोंचा, शांत. तीनने भाग जाणारे क्रमांक त्यात कमी छापले गेले, पण बॉ २२व्या क्रमांकावर असल्याने त्यातून सुटला. लीफचा संच ९८ कार्डांचा. फोटोवर भडक रंग चढवलेले, छपाई ओबडधोबड, रंग रेषेबाहेर सांडलेला.

मी लीफचं निवडलं. बोमनमधला फोटो वर्तमानपत्रातही सापडेल, लीफमधला तो रंगवलेला चेहरा दुसरीकडे कुठे सापडणार नाही. संपूर्ण संच जमवायचा असेल तर मात्र बोमनचा जास्त नीटनेटका आहे.

८. एकच कार्ड घ्यायचं आहे. कोणतं घेऊ?

टॉप्स, १९५७, क्रमांक १३८, जॉनी युनायटस.

१९५६च्या सुरुवातीला टॉप्सने बोमन विकत घेतली, आणि १९५७ला कार्डाचा आकार अडीच बाय साडेतीन इंच ठरला, तो आजही तसाच आहे. या संचात कार्ड आडवं आहे. मधोमध दोन भाग, दोन्हींची पार्श्वभूमी एकेका सपाट रंगाची. एकीकडे चेहरा, दुसरीकडे खेळतानाची मुद्रा. सगळे १५४ खेळाडू असेच मांडलेले, पण ८९ ते १५४ ही दुसरी मालिका कमी मिळते आणि युनायटस तिच्यात आहे. बार्ट स्टार आणि पॉल हॉर्नंग यांची पहिली कार्डंही त्याच मालिकेत.

आता प्रश्न ३मधल्या योग्य क्षणाचं बघा. १९५५ला पिट्सबर्गने युनायटसला निवडलं आणि एकही सामना न खेळवता काढून टाकलं. पोटासाठी तो बांधकामावर मजुरी करायचा आणि सामन्याला सहा डॉलर घेऊन स्थानिक संघात खेळायचा. १९५६ला बाल्टिमोर कोल्ट्सने बोलावलं, १९५७ला हे कार्ड आलं, आणि २८ डिसेंबर १९५८ला यँकी स्टेडियमवर त्याने न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत २३-१७ असा जिंकून दिला. टीव्हीवर तो सामना पाहिलेल्या देशाला व्यावसायिक फुटबॉलचं वेड तिथून लागलं, असं इथले जुने लोक आजही सांगतात. कार्ड त्या सामन्याच्या एक वर्ष आधीचं. त्यातल्या माणसाला पुढे काय होणार आहे हे ठाऊक नाही. माझ्याकडच्या कार्डाला मधोमध एक बारीक घडी आहे आणि मागे मेणाचा डाग आहे, पाकिटाच्या मेणकागदाचा. तो डाग काढायचा विचारही माझ्या मनात कधी आला नाही.

९. मग जिम ब्राउन आणि जो नेमथ?

ब्राउनचं कार्ड टॉप्स १९५८, क्रमांक ६२. नऊ हंगाम खेळला, त्यातल्या आठांत धावून सर्वाधिक यार्ड त्याचेच, आणि तिशीत, जोर असतानाच खेळ सोडला. खेळाडू म्हणून तो मला युनायटसपेक्षाही मोठा वाटतो. या कार्डाची अडचण छपाईची आहे. चित्र बऱ्याचदा एका बाजूला सरकलेलं असतं आणि रंगात बारीक ठिपके पडलेले असतात. सरकलेलं चालवून घ्या, पण चेहऱ्यावर ठिपके असलेलं घेऊ नका.

नेमथचं कार्ड टॉप्स १९६५, क्रमांक १२२. त्या वर्षी नॅशनल फुटबॉल लीगचे हक्क फिलाडेल्फिया गम कंपनीकडे होते, म्हणून टॉप्सने प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगचा संच काढला. १७६ कार्डांपैकी १३२ कमी छापली गेली, नेमथचं त्यांत. न्यूयॉर्क जेट्स संघाने त्याच्याशी ४,२७,००० डॉलरचा करार केला होता, तेव्हा ही रक्कम ऐकून लोक थक्क झाले होते. जानेवारी १९६९ला त्याने 'आम्ही जिंकणार, ही हमी' असं आधीच जाहीर केलं आणि तिसऱ्या सुपर बोलमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम सामन्यात, बाल्टिमोरला १६-७ हरवलंही.

१०. माझं नेमथचं कार्ड नेहमीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात बसत नाही. नकली आहे का?

उलट, बसलं असतं तर काळजी होती. १९६५चा संच उंच आहे, 'टॉल बॉय' म्हणतात. रुंदी अडीच इंच आणि उंची पावणेपाच इंचांना एक सोळांश कमी. त्या मापाची वेगळी पाकिटं मिळतात. मात्र उंची आणखी कमी भरली तर प्रश्न १२ वाचा.

११. १९७०च्या दशकातल्या कार्डांवर हेल्मेटवरची चिन्हं का दिसत नाहीत? कुणी पुसली का?

हो, टॉप्सनेच. त्यांच्याकडे खेळाडूंच्या संघटनेची परवानगी होती, संघांच्या बोधचिन्हांची नव्हती. म्हणून फोटोवर ब्रश फिरवून चिन्हं झाकली जायची. १९८२ला परवाना मिळाला आणि चिन्हं परत दिसायला लागली. पेटनचं १९७६चं कार्ड याच काळातलं, त्यामुळे ते कोरं हेल्मेट म्हणजे दोष समजू नका.

१२. नकली किंवा छाटलेलं कार्ड कसं ओळखायचं?

नकली ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. दहापट भिंगाखाली जुन्या ऑफसेट छपाईतला चित्राचा भाग ठिपक्यांच्या नक्षीचा दिसतो, पण नाव आणि काळ्या रेघा सलग, भरीव. अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनलेली दिसली तर ते कार्डाच्या फोटोवरून छापलेलं आहे. दुसरी कसोटी अतिनील दिव्याची. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायनं महायुद्धानंतरची आहेत, त्यामुळे १९३५चं म्हणवणारं कार्ड त्या दिव्याखाली निळसर चमकलं तर हात मागे घ्या. आणि १९९४ मध्ये टॉप्सने स्वतःच आपले १९५६ आणि १९५७चे संच पुन्हा छापले, गुळगुळीत कागदावर. ती फसवणूक नाही, पण एखादा विक्रेता ती जुनी म्हणून विकू शकतो.

छाटलेलं कार्ड मात्र भल्याभल्यांना फसवतं, कारण कार्ड अस्सलच असतं. झिजलेल्या कडा ब्लेडने कापून कोपरे टोकदार केलेले असतात. माझं पहिलं नेमथ असंच होतं. एका प्रदर्शनात टेबलावर ते चारही कोपरे सुईसारखे घेऊन पडलं होतं, आणि साठीच्या दशकातलं उंच कार्ड इतकं टोकदार कसं, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. घरी येऊन त्याच संचातल्या एका साध्या कार्डावर ठेवलं. वरच्या कडेला खालच्याची केसभर पांढरी पट्टी दिसत राहिली. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून त्याच संचातलं एक स्वस्त कार्ड माझ्या पर्समध्ये मोजमापासाठी असतं. तुम्हीही ठेवा.

१३. ग्रेडिंगचा आकडा किती महत्त्वाचा?

पीएसए, एसजीसी, बेकेट यांसारख्या कंपन्या कार्ड तपासून, १ ते १०मधला आकडा देऊन, कडक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. अस्सलपणासाठी हे मोलाचं आहे, विशेषतः छाटलेल्यांच्या बाबतीत. पण आकड्यात चित्राचा देखणेपणा येत नाही. मागे पेन्सिलीची खूण असलेलं ३ आकड्याचं कार्ड समोरून ६पेक्षा सुंदर दिसू शकतं. आधी चेहरा स्वच्छ आहे का बघा, मग चित्र मध्यावर आहे का, मग कोपरे. आकडा शेवटी.

१४. कार्डं पुण्या-मुंबईला नेली तर पावसाळ्यात टिकतील का?

टिकतील, पण उघड्यावर नाही. दमट हवेत पुठ्ठा वाकतो, मग बुरशी येते आणि तिच्या पाठोपाठ कसर. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिकला आणि कागदाला चांगली नाही. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट एवढं पुरतं. पुड्या श्रावणात एकदा बदला. पीव्हीसीची जुनी मऊ पाकिटं कार्डाला चिकटतात, ती इथेच टाकून जा.

१५. चुकीचं छापलेलं कार्ड जास्त मोलाचं असतं का?

चूक नंतर दुरुस्त झाली असेल तरच सहसा फरक पडतो, कारण तेव्हा चुकीचं आणि बरोबर अशी दोन कार्डं तयार होतात. टॉप्सच्या १९५५च्या 'ऑल अमेरिकन' संचात व्हिझर व्हाइट आणि गेनेल टिन्स्ली यांचा मागचा मजकूर एकमेकांच्या कार्डावर गेला, मग सुधारला गेला. यातला व्हिझर व्हाइट म्हणजे बायरन व्हाइट, जो १९६२ ते १९९३ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती होता. संपूर्ण संच कॉलेजच्या खेळाडूंचा, १०० कार्डांचा. त्यात ऑलिंपिक विजेता जिम थॉर्प आहे आणि नॉत्र दाम विद्यापीठाच्या, 'चार घोडेस्वार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौघा खेळाडूंचं एकत्र कार्डही, क्रमांक ६८. मला विचाराल तर चुकीच्या छपाईपेक्षा ते घोडेस्वारच घ्या.

१६. जो एकही व्यावसायिक सामना खेळला नाही त्याचं कार्ड गाजलेलं कसं?

हा प्रश्न नेहमी एर्नी डेव्हिसबद्दल असतो, आणि प्रश्न ३मध्ये मी सांगितलेल्या कसोटीत तो बसत नाही हे खरं आहे. त्याने व्यावसायिक खेळात काही बदललं नाही. त्याला संधीच मिळाली नाही. सिरॅक्यूस विद्यापीठाचा हा मुलगा १९६१ला हाइझमन करंडक (कॉलेजमधल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. वॉशिंग्टनने त्याला सगळ्यांत आधी निवडलं आणि लगेच क्लीव्हलँडला दिलं. तिथे जिम ब्राउनच्या जोडीला तो धावणार होता. त्याच उन्हाळ्यात ल्युकेमिया असल्याचं कळलं. मे १९६३ मध्ये तो गेला, तेवीस वर्षांचा होता.

टॉप्सच्या १९६२च्या संचात क्रमांक ३६ त्याचं आहे. संचाची किनार काळी, त्यामुळे जरा घासलं तरी पांढरं दिसतं, आणि निर्दोष कडांचं कार्ड मिळणं कठीण. काही जण पांढऱ्या जागी काळी शाई भरतात. कडेवर भिंग आडवं धरलं की ती चमकते. म्हणून कडा घासलेलं, पण न रंगवलेलं घ्या. कार्डावर त्याचा संघ म्हणून क्लीव्हलँड ब्राउन्स छापलेलं आहे. त्या संघाने त्याचा ४५ क्रमांक पुन्हा कुणालाही दिला नाही.